बाटली आपली, टेबल त्यांचं, डाव सगळ्यांचा : सातारा-सांगलीत 'बीवायओबी गेम बार' चालेल का?

शुक्रवारची रात्र. इन्स्टावर एक रील येते. कुठल्यातरी मोठ्या शहरातली जागा, पिवळे दिवे, भिंतीवर डार्टबोर्ड, टेबलावर जेंगाचा मनोरा. चार-पाच पोरं-पोरी हसून लोळतायत आणि खाली ओळ असते, 'दारू तुम्ही आणा, गेम आमचे.'

तुम्ही ती रील ग्रुपवर टाकता. साताऱ्याचा मित्र म्हणतो, "पोवई नाक्यावर असं काहीतरी काढलं तर लाइन लागेल." सांगलीचा म्हणतो, "विश्रामबागला गाळा बघू का?" आणि तिसरा, ग्रुपमधला हुशार, विचारतो, "दारू आपण विकणारच नाही. मग लायसन कशाला पाहिजे?"

या तिसऱ्याच्या प्रश्नातच सगळी मेख आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात दारूचा एक थेंबही विकला नाही, फक्त प्यायला जागा दिली आणि त्यातून पैसे कमावले, तरी तो गुन्हा ठरतो. आणि केस फक्त मालकावर होत नाही. टेबलावर बसलेल्यांवरही होते.

आता हे असं का, ते जरा नीट बघू.

बीवायओबी हे प्रकरण आलं कुठून?

बीवायओबी म्हणजे 'ब्रिंग युवर ओन बॉटल', स्वतःची बाटली स्वतः आणा. हॉटेलवाला ग्लास देतो, बर्फ देतो, जेवण देतो. बाटली उघडून देण्याचे थोडे पैसे घेतो, त्याला कॉर्केज म्हणतात. काही ठिकाणी तेही घेत नाहीत.

ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नमध्ये, ही पद्धत चांगलीच रुळली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहर यासाठी ओळखलं जातं. त्याचं कारण मजेशीर आहे. ते शहर ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे, तिथं लोकसंख्येच्या हिशोबात दारूची लायसन्स ठरलेली असतात. ती कमी, त्यामुळे महाग. छोट्या हॉटेलवाल्यांना ती परवडत नाहीत. मग त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, वाइन घरून आणा, जेवण आम्ही देतो. म्हणजे तिथं बीवायओबी वाढलं ते कायद्यानं सोडलेल्या जागेत.

गेमची जोड नंतर आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००४ मध्ये 'बारकेड' नावाचा बार सुरू झाला, तिथं जुन्या व्हिडिओ गेमची मशिन ठेवली होती. टोरंटोत २०१० मध्ये 'स्नेक्स अँड लॅटीज' हे बोर्ड गेमचं कॅफे आलं. मोबाइल बाजूला ठेवून माणसांनी समोरासमोर खेळावं ही आयडिया जगभर चालली. पुण्या-मुंबईतही बोर्ड गेम कॅफे निघाले.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की झाला बीवायओबी गेम बार. कागदावर धंदा एकदम सोपा वाटतो. दारूचा स्टॉक नको, लायसन नको, फक्त माणशी प्रवेश फी आणि चखना.

पण हे गणित महाराष्ट्रात येऊन अडतं.

आपल्याकडे दारूबंदीचा कायदा आजही लागू आहे

हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो. गावोगाव परमिट रूम दिसत असताना दारूबंदी कसली?

झालं असं की तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. मोरारजी देसाईंनी तो नेटानं राबवला. १९५१ मध्ये बलसारा नावाच्या खटल्यात हा कायदा सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टानं काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा मुख्य गाभा तसाच राहिला. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. गुजरातनं बंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल होत गेली.

सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. आज त्याचं नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' आहे. म्हणजे मूळ नियम 'बंदी' हाच आणि परवाना हा त्याला अपवाद. विकायला परवाना, न्यायला परवाना, ठेवायला परवाना आणि प्यायलाही परवाना.

'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलं. ज्याच्याकडे पिण्याचं परमिट आहे, त्यानं बसायची खोली. हे परमिट एक दिवसाचं ५ रुपयांना, वर्षाचं १०० रुपयांना आणि आयुष्यभराचं १००० रुपयांना मिळतं असा दर वर्षानुवर्षं चालत आलाय. वयाचीही अट आहे. बीअरसाठी २१ वर्षं आणि व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक दारूसाठी २५ वर्षं. म्हणजे कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेला पोरगा मित्राकडे का असेना, रमचा पेग भरतो तेव्हा तो कायद्याच्या बाहेर असतो.

दुकानांचेही प्रकार ठरलेले आहेत. एफएल-२ म्हणजे वाइन शॉप, इथं बाटली विकत घ्या आणि निघा. एफएल-३ म्हणजे परमिट रूम, इथं बसून पिता येतं. एफएल-४ म्हणजे क्लब. सीएल-३ म्हणजे देशी दारूचं दुकान. या यादीत 'बाटली तुमची, जागा आमची' असा रकानाच नाही.

'आम्ही विकत नाही' हा बचाव का चालत नाही?

कारण कायदा लिहिणाऱ्यांनी ही पळवाट आधीच ओळखली होती.

बंदीच्या काळात मुंबईत घराघरात चोरून दारू पाजणारे 'आंटीचे अड्डे' प्रसिद्ध होते. त्यामुळे फक्त विक्री बंद करून भागणार नव्हतं, बसायची जागाही पकडायची होती. म्हणून कायद्यात अशा जागेची वेगळी व्याख्या आहे. आपण तिला सोप्या भाषेत 'पिण्याचा अड्डा' म्हणू. व्याख्येचा अर्थ असा : ज्या जागेत मालकाच्या किंवा चालवणाऱ्याच्या फायद्यासाठी दारू पिऊ दिली जाते, ती जागा अड्डा. मग तो फायदा पिण्याचे पैसे घेऊन होवो, जागेच्या भाड्यातून होवो, पिण्यासाठी दिलेल्या सोयींतून होवो, नाहीतर आणखी कुठल्या मार्गानं.

आता आपल्या गेम बारकडे बघा. प्रवेश फी म्हणजे जागेचं भाडं. ग्लास आणि बर्फ म्हणजे सोय. चखना म्हणजे फायदा. तिन्ही खिळे व्याख्येत अचूक बसतात.

पुढची दोन कलमं लक्षात ठेवा.

कलम ६८ अड्डा चालवणाऱ्यांसाठी आहे. यात तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. फक्त मालकच नाही, देखरेख करणारा मॅनेजर आणि धंदा चालवायला कुठल्याही प्रकारे मदत करणाराही यात येतो. म्हणजे शनिवार-रविवार 'गेम होस्ट' म्हणून पार्टटाइम काम करणारा कॉलेजचा पोरगासुद्धा.

कलम ८४ तिथं बसणाऱ्यांसाठी आहे. अड्ड्यावर पिताना सापडला किंवा पिण्यासाठी आलेला सापडला, तर दंड. आणि यातली सगळ्यात अडचणीची गोष्ट ही : तिथं पिणं चालू असताना जो कोणी हजर असेल, तो पिण्यासाठीच आला होता असं धरलं जातं. तसं नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं.

थोडक्यात, ग्रुपमधली जी मैत्रीण फक्त उनो खेळायला आली, जिच्या ग्लासात थम्सअप आहे, तिचंही नाव त्या यादीत येऊ शकतं.

महामार्गावरच्या ढाब्यांची गोष्ट

साताऱ्या-सांगलीकरांना बीवायओबी नवीन नाही. फक्त आपण त्याला ते नाव दिलं नाही. 'मागं बसा, बाटली पिशवीत ठेवा, सोडा देतो' हे वाक्य कुणी ऐकलं नाही?

पुणे-बंगळुरू महामार्ग शिरवळपासून सातारा, कराड करत पुढं सांगली जिल्ह्यात पेठ नाक्यावरून जातो. या पट्ट्यात ढाब्यांची रांग आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. २० हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं गेलं. पुढं जुलै २०१७ मध्ये कोर्टानं स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या लायसन्सना हा आदेश लागू नाही.

कोर्टाचा हेतू साधा होता. पिऊन गाडी चालवणं थांबावं. पण विना लायसन ढाब्यावर पिशवीतून बाटली निघत राहिली, तर तो हेतू तिथंच संपतो. म्हणूनच राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस ढाब्यांवर धाडी टाकतात. बातमीत 'ढाबामालकासह इतक्या मद्यपींवर गुन्हा' असं वाचता ना, ती कलमं बहुतेक वेळा हीच, ६८ आणि ८४.

योगायोग बघा, हे उत्पादन शुल्क खातं २०२२ ते २०२४ या काळात साताऱ्यातल्याच पाटणचे आमदार शंभूराज देसाई यांच्याकडे होतं.

मग बाकीच्या राज्यांत कसं चालतं?

रीलवर दिसतं म्हणून आपल्याकडेही चालेल असं नाही, कारण दारू हा विषय राज्यांचा आहे. राज्य बदललं की नियम बदलतो.

हरियाणात 'अहाता' ही पद्धत आहे. ठेक्यावरून बाटली घ्यायची आणि शेजारच्या परवानाधारक आवारात बसून प्यायची. मध्य प्रदेशातही अहाते होते, पण १ एप्रिल २०२३ पासून सरकारनं ते बंद केले. तामिळनाडूत किरकोळ विक्री टासमॅक या सरकारी महामंडळाकडे आहे. त्या दुकानाला लागून असलेल्या बारचा ठेका असतो तो खाण्याचे पदार्थ विकायचा आणि रिकाम्या बाटल्या गोळा करायचा.

म्हणजे 'बाटली एकाची, जागा दुसऱ्याची' हे भारतात अजिबात होत नाही असं नाही. पण जिथं होतं तिथं त्या जागेलाही सरकारी कागद लागतो. महाराष्ट्रात तसा कागदच नाही.

आणखी एक. 'स्वतःची बाटली' म्हटलं की कुणीतरी गोव्याची काढतोच. स्वस्त पडते ना! पण गोव्याची दारू परवाना आणि शुल्काशिवाय महाराष्ट्रात आणणं हा वेगळा गुन्हा आहे. सांगलीकरांसाठी कर्नाटकची हद्द तर मिरजेच्या पलीकडेच आहे, तिथल्या बाटलीलाही हाच नियम. म्हणजे टेबलावरची बाटली कुठली, यावरून दुसरी केस.

गेमवर तर बंदी नाही ना?

नाही. पण खेळात पैसा आला की आणखी एक जुना कायदा जागा होतो, १८८७ चा जुगारबंदी कायदा.

गंमत म्हणजे त्याची रचना अगदी दारूच्या कायद्यासारखीच आहे. कलम ४ जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यासाठी, कलम ५ तिथं सापडणाऱ्यासाठी. आणि तिथंही तेच गृहीत : खेळ चालू असताना हजर होता म्हणजे खेळायलाच आला होता.

कलम १३ मध्ये सूट आहे, निव्वळ कौशल्याच्या खेळांना. बुद्धिबळ, कॅरम यांना अडचण नाही. रमीबद्दल सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात सांगितलं की हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पानं लक्षात ठेवावी लागतात, लावावी लागतात. त्याच वेळी तीन पत्तीसारखा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा, असंही म्हटलं. जागामालक डावातून आपला वाटा काढत असेल तर रमीही अडचणीत येऊ शकते.

त्यामुळे गेम नाइटचा नियम साधा ठेवा. डावाला पैसे लावायचे नाहीत.

आता 'मोठ्यांचे गेम' म्हणजे काय, तेही बघू. बीअर पाँग, 'नेव्हर हॅव आय एव्हर', हरला की घोट. या खेळांची खरी अडचण कायद्यापेक्षा वेगळी आहे. शरीर साधारण तासाला एक छोटा पेग एवढीच दारू पचवतं. गप्पा मारत पिताना माणूस स्वतःचा वेग ठरवतो. ड्रिंकिंग गेममध्ये वेग समोरचा ठरवतो, आणि जो हरतो त्याला आणखी पाजलं जातं. म्हणजे ज्याला आधीच चढलीय, तोच जास्त हरतो आणि त्यालाच जास्त जाते. त्यात भिडस्त माणूस 'नको' म्हणू शकत नाही.

आणि मग प्रश्न येतो घरी जायचा. पुण्या-मुंबईत रात्री दोनला कॅब मिळते. साताऱ्यात किंवा सांगलीत बाहेर उभी असते ती स्वतःची बाईक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत आणि १५ हजारांपर्यंत.

दंड भरला की सुटलो?

इथं थोडं थांबा. कारण हा मुद्दा आपल्या दोन जिल्ह्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरी हे गावच त्या नावानं ओळखलं जातं. साताऱ्या-सांगलीच्या मैदानांवर पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतात. अभ्यासिकांमध्ये एमपीएससीवाले बसलेले असतात. या सगळ्यांच्या वाटेवर एक टप्पा येतो, चारित्र्य पडताळणी. त्या फॉर्ममध्ये प्रश्न असतो : तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का?

कलम ८४ चा दंड भरून माणूस घरी येतो आणि विसरून जातो. फॉर्ममध्ये 'नाही' लिहितो. गडबड तिथं होते. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात याची तत्त्वं सांगितली आहेत. किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणारा तो माफ करू शकतो, पण तसं करायचं की नाही हे त्याच्या हातात. माहिती लपवली तर मात्र ते प्रकरण वेगळं आणि जास्त अंगाशी येणारं ठरतं.

एका शनिवारच्या रीलसाठी ही किंमत जास्त आहे.

मग खेळायचं कुठं?

नाही म्हणून सोडून द्यायची गरज नाही. सरळ रस्ते आहेत.

पहिला, घर. ज्यांचं वय बसतं, ज्यांच्याकडे परमिट आहे, ते चार मित्र घरी बसले, कुणी कुणाकडून बसण्याचे पैसे घेतले नाहीत, तर तो अड्डा होत नाही. किराणा-चखन्याची वर्गणी वेगळी आणि जागेचा धंदा वेगळा. कसोटी एकच, जागा देणारा त्यातून कमावतोय का?

दुसरा, परमिट रूम. ज्याच्याकडे एफएल-३ आहे त्यानं टेबलावर कॅरम, जेंगा, डार्ट ठेवले तर ती कल्पना चांगलीच आहे. फक्त दारू त्याच्याकडची घ्यायची, पिशवीतली नाही.

तिसरा, एक दिवसाचं लायसन. लग्न, गेट-टुगेदर, कार्यक्रम यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तात्पुरता परवाना मिळतो. महाबळेश्वर-पाचगणीला व्हिला घेऊन तिकीट लावून 'गेम नाइट' करणाऱ्यांनी हा कागद आधी काढावा. आणि अजिंक्यताऱ्यावर किंवा कुठल्याही गडावर बाटली घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

चौथा, दारूच नको. हा पर्याय सांगलीला तर शोभून दिसतो.

कारण मोठ्यांनी रात्र रात्र खेळत बसणं सांगलीला कुणी शिकवायची गरज नाही. सांगली ही बुद्धिबळाची नगरी. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं इथं वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, देशभरातले खेळाडू सांगलीत येऊन खेळले. भाग्यश्री साठे म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे इथल्याच, स्वाती घाटेही इथल्याच. आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं काम आजही ओळखलं जातं. एका गावानं पट दिला, दुसऱ्या गावानं दारूतून बाहेर पडायचा रस्ता.

तेव्हा गाळा बघायचाच असेल तर बघा. बोर्ड गेमचं कॅफे काढा. चहा ठेवा, सांगलीची भडंग ठेवा, साताऱ्याचे कंदी पेढे ठेवा. रात्री अकरापर्यंत मेंढीकोट आणि कॅरम चालू द्या. पोरी निर्धास्त येतील, भरतीची पोरं येतील, घरी जाताना कुणाला नाकाबंदी टाळून गल्लीतून गाडी काढावी लागणार नाही.

आणि ग्रुपमधल्या त्या तिसऱ्या मित्राला हे पाठवून द्या. त्याला सांगा, लायसन दारू विकायलाच लागतं असं नाही भावा, प्यायला बसवायलाही लागतं.